ते शेवटचे तीन पॉइंट पुसू नकोस

या महिन्यात आलेले चारही प्रश्न खाडीकाठचे निघाले, कोपरखैरणे, वाशी, कळवा आणि ऐरोली, आणि चौघांनाही एकाच गोष्टीने पछाडलंय, बॅक्टेरियावर चिकटणारे व्हायरस म्हणजे फेज. गेल्या अंकात मी त्यांच्यावर अर्ध पान लिहिलं होतं त्याचा हा परिणाम असावा. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा देतेय कारण त्यात खरोखरचे आकडे आहेत, आणि आकडे घेऊन येणाऱ्या माणसाला मी कधी नाही म्हणत नाही.

प्रश्न : मॅडम, मी कोपरखैरण्याची, एमएस्सी मायक्रो करतेय. प्रोजेक्टसाठी सांडपाण्यातून एक फेज काढलाय, ई. कोलायवर चालणारा. तो किती वेगाने चिकटतो त्याचं मॉडेल करायचंय. एका मिलीत १० कोटी बॅक्टेरिया, त्यात १० लाख फेज टाकले, मग ठराविक वेळाने सॅम्पल काढलं, क्लोरोफॉर्म मारला, प्लाक (फेजने प्लेटवरच्या बॅक्टेरियात पाडलेली गोल भोकं) मोजले. मोकळे फेज उरले ते असे: २ मिनिटांनी ६२ टक्के, ४ ला ३८, ६ ला २४, ८ ला १५, १० ला १०, १५ ला ५, २० ला ४ आणि ३० ला ३.८. सेमी-लॉगवर पहिले सगळे छान रेषेत येतात, शेवटचे तीन अजिबात बसत नाहीत. सर म्हणतात एरर आहे, काढून टाक. सबमिशन जवळ आलंय, काय करू?

उत्तर : अगं, आधी एक सांगते, तुझं रिडिंग छान आहे. इतकं की मला वहीत परत मांडून बघावंसं वाटलं, आणि मांडलं.

सगळ्यात साधं मॉडेल काय म्हणतं ते बघू. आंधळी कोशिंबीर खेळलीयेस ना? ज्याच्यावर राज्य आहे त्याच्या डोळ्यांवर पट्टी. फेज म्हणजे तो. त्याला पाय नाहीत, शेपूट असली तरी ती पोहायला नाही, वास येत नाही, बॅक्टेरिया कुठे आहे हे त्याला कळायला काही मार्गच नाही, पाण्याचे रेणू ढकलतील तिकडे तो जातो आणि कधीतरी कोणावर तरी आपटतो. मग दर मिनिटाला किती फेज पकडले जाणार? मोकळे फेज जितके जास्त तितके जास्त, बॅक्टेरिया जितके दाट तितके जास्त, आणि मध्ये एक स्थिर आकडा, त्याला के म्हणू. म्हणजे घट = के × बॅक्टेरिया × मोकळे फेज. बॅक्टेरिया फेजच्या १०० पट आहेत म्हणून ते कमी होत नाहीत असं धरायचं, आणि मग उरलेल्या फेजचा लॉग वेळेसमोर मांडला की सरळ रेषा. हे आजचं नाही, १९३१ मध्ये क्रूगर आणि १९३२ मध्ये श्लेसिंगर यांनी अशीच मोजणी केली होती, तेव्हा फेज नक्की दिसतो कसा हेही कोणी पाहिलं नव्हतं.

आता तुझा के. ४ मिनिटांना ३८ टक्के उरले, म्हणजे १०० भागिले ३८ चा नैसर्गिक लॉग ०.९७, त्याला ४ ने भागलं की मिनिटाला ०.२४, आणि १० कोटींनी भागलं की २.४ अब्जांश मिली दर मिनिटाला. हा आकडा ई. कोलायच्या फेजसाठी अगदी घरातला आहे. त्याचं एकक बघून पोरं गोंधळतात, मिली दर मिनिटाला म्हणजे काय, नळातून पाणी वाहतंय का? तर नाही. २.४ अब्जांश मिली म्हणजे २४०० घन मायक्रॉन. एक बॅक्टेरिया स्वतः साधारण एक घन मायक्रॉनचा, आणि तो मिनिटाभरात स्वतःच्या दोन हजारपटीहून जास्त जागेतले फेज गोळा करतो, असं वाच. असे १० कोटी बॅक्टेरिया म्हणजे एका मिलीतलं ०.२४ मिली दर मिनिटाला साफ. असं डोळ्यासमोर आणलंस की चुकून घात इकडचा तिकडे झाला तर लगेच पकडता येतं. (माझ्याकडे एकदा एका प्रोजेक्टमध्ये असा के आला होता की एकेक बॅक्टेरिया मिनिटाला वाटीभर पाणी गाळत होता. मिनिट आणि सेकंद यांचा घोळ नव्हता, बॅक्टेरिया मोजताना डायल्यूशनचा घात गुणायच्या ऐवजी भागला होता.)

आता ट्रेंडलाइन. तू सगळ्या नऊ पॉइंटवर एकच रेषा टाकलीस तर स्लोप येतो ०.११, आर-स्क्वेअर (रेषा किती चपखल बसते त्याचा आकडा, १ म्हणजे तंतोतंत) ०.८२, आणि के निघतो १.१ अब्जांश. म्हणजे खऱ्याच्या निम्म्याहून कमी! ही रेषा सुरुवातीच्या पॉइंटमधूनही जात नाही, शेवटच्यातूनही नाही, दोन्हीकडे खोटी. म्हणून ती टाकायची नाही एवढं तुझ्या सरांचं बरोबर. पण पॉइंटच काढून टाकायचे, हे काही मला पटत नाही. २० मिनिटांना सरळ रेषेप्रमाणे ०.८ टक्का उरायला हवे होते, तुझे ४ उरले, पाचपट. ३० मिनिटांना ०.०७ उरायला हवे होते, तुझे ३.८, पन्नासपटीहून जास्त. प्लेटवर १०० प्लाक मोजले तर चूक १० च्या आसपास असते, ४० मोजले तर सहा-सात. कितीही वाईट हात असला तरी पन्नासपट चूक प्लाक मोजण्यात होत नाही, आणि झालीच तर तीनही वेळा एकाच आकड्यापाशी येऊन थांबत नाही. तिथे काहीतरी आहे.

काय आहे ते शोधताना आधी घरातला कचरा बघ, मग बायोलॉजी. कचरा नंबर एक, सगळे बॅक्टेरिया निघाले का? तू मोजतेयस मोकळे फेज, पण सॅम्पलमध्ये फेज लागलेला एखादा जिवंत बॅक्टेरिया राहिला तर तोही प्लेटवर एक प्लाक देतो, आणि तो तुला मोकळ्या फेजसारखाच दिसतो. म्हणजे समज १०० तले ४ बॅक्टेरिया क्लोरोफॉर्ममधून वाचले, तर कितीही वेळ थांब, ४ टक्क्यांखाली तू जाणारच नाहीस. माझ्या स्वतःच्या एमएस्सीला हेच झालं होतं. तेव्हा क्लोरोफॉर्म न घालता सेंट्रिफ्यूज करायचो आणि वरचं पाणी काढताना माझा पिपेट खालच्या पेलेटला, म्हणजे तळाशी बसलेल्या बॅक्टेरियाच्या गोळ्याला लागायचा, दर वेळी थोडासा, मला कळायचंही नाही. माझी रेषा १२ टक्क्यांवर अडकायची. मी तिला मोठ्या तोऱ्यात 'फेजची चिवट जात' असं नाव देऊन तीन महिने फिरत होते, शेवटी लॅबमधल्या एका सिनियर ताईने माझा हात बघितला आणि काही न बोलता पिपेट वर उचलून धरला. तर तू काय कर, २० मिनिटांच्या एकाच सॅम्पलचे दोन भाग कर, एकाला नुसता क्लोरोफॉर्म, दुसरा आधी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून आणि मग क्लोरोफॉर्म. दोन्हीकडे ४ च आले तर हा संशय मिटला. फिल्टरलाच काही फेज अडकतात का हे बघायला बॅक्टेरिया न घालता नुसता फेज एकदा त्यातून काढून घे. शून्य मिनिटाचं १०० टक्के तू कुठून घेतलंस हेही लिहिलेलं नाहीस, ते फेजच्या स्टॉकच्या जुन्या टायटरवरून (मिलीत किती फेज त्या मोजणीवरून) घेऊ नकोस, त्याच दिवशी, त्याच ब्रॉथमध्ये, बॅक्टेरिया नसलेल्या ट्यूबमधून घे.

कचरा नंबर दोन, आणि हा क्लोरोफॉर्मचाच. क्लोरोफॉर्म बॅक्टेरियाला नुसता मारत नाही, फोडतो. फेज आत शिरून बारा-पंधरा मिनिटं झाली की कित्येक फेजची पिल्लं आत तयार व्हायला लागतात, टी-४ या ई. कोलायच्या फेजचं ३७ डिग्रीला असंच असतं, बाहेर पडायला अजून अवकाश असतो पण आत असतात, आणि तू क्लोरोफॉर्म मारलास की ती बाहेर येऊन मोकळी म्हणून मोजली जातात. मला आधी हाच संशय आला होता. पण तसं असतं तर तुझा आकडा ४ वर थांबला नसता, उसळी मारून १०० च्याही वर गेला असता, कारण ९५ टक्के फेज आत आहेत आणि प्रत्येकाची अनेक पिल्लं. तो थांबला, म्हणजे तुझा फेज सावकाश काम करणारा आहे. तरी हे अंदाजावर सोडू नकोस, सांडपाण्यातला फेज, त्याचा लेटंट पिरियड (आत शिरल्यापासून बॅक्टेरिया फोडून बाहेर पडेपर्यंतचा वेळ) तुला माहीत नाही, आधी एकदा वन-स्टेप ग्रोथ, म्हणजे फेजची एकच पिढी वेळेनुसार मोजायचा प्रयोग करून घे, एलिस आणि डेलब्रुक यांनी १९३९ मध्ये केला तसा, एका दिवसाचं काम आहे.

कचरा निघाला आणि ४ टक्के तिथेच राहिले असं धरू. आता बायोलॉजी. इथे जवळजवळ सगळे जण, पुस्तक वाचलेलेसुद्धा, म्हणतात की काही बॅक्टेरिया रेझिस्टंट असणार. नीट विचार कर. तुझ्या १० कोटींतले ५ टक्के बॅक्टेरिया रेझिस्टंट आहेत, मग काय होईल? फेजला साडेनऊ कोटी उरले. त्याला त्याने काय फरक पडतो, तो या रेझिस्टंटवर आपटेल, सुटेल, पुढच्यावर आपटेल. रेषेचा स्लोप ५ टक्क्यांनी कमी होईल, पण रेषा सरळच राहील! आंधळ्या कोशिंबिरीत चार पोरं पळून झाडावर जाऊन बसली तर राज्य असलेल्याला पकडायला थोडा जास्त वेळ लागेल, पण तो कायमचा अडकून नाही पडणार. फेज कमी आणि बॅक्टेरिया भरपूर असताना बॅक्टेरियातल्या भेदाने रेषा वाकत नाही, फेजमधल्या भेदाने वाकते. हे एवढं वाक्य व्हायव्हात म्हणालीस तरी परीक्षक मान वर करून बघतील.

म्हणून पहिला उमेदवार, दोन तऱ्हेचे फेज. ९६ टक्के चपळ, ४ टक्के मंद. कुणाच्या शेपटीचे धागे अर्धवट, कुणाच्या शेपटीला आधीच फुटलेल्या बॅक्टेरियाच्या कवचाचा तुकडा चिकटलेला (तू लायसेट, म्हणजे बॅक्टेरिया फुटून निघालेलं फेजचं पाणी, स्वच्छ केला नसशील तर हे नक्की बघ). याचं गणित घरी बसून होतं. शेवटचा सपाट भाग ४ धर, आणि तो प्रत्येक रिडिंगमधून वजा कर: ६२ चे ५८, ३८ चे ३४, २४ चे २०, १५ चे ११, १० चे ६. आता हे ९६ पैकी उरलेले म्हणून लॉग घे. के येतो साधारण २.६ अब्जांश, म्हणजे तुझा आधीचा २.४ सुद्धा त्या चार टक्क्यांनी जरासा खाली ओढलेला होता. बघ, जे पॉइंट काढून टाकायचे होते त्यांनीच पहिले पॉइंट सुधारून दिले. शेवटच्या दोन रिडिंगवरून मंद फेजचा वेगळा के मात्र काढू नकोस, ४ आणि ३.८ यांतला फरक तुझ्या प्लाकच्या चुकीत बुडून जातो, हवा असेल तर त्यासाठी दाट बॅक्टेरिया घेऊन वेगळा प्रयोग करावा लागेल.

दुसरा उमेदवार मला जास्त आवडतो. आंधळ्या कोशिंबिरीत नुसतं पकडून चालत नाही, चेहरा चाचपून नाव सांगावं लागतं, चुकलं तर सोडून द्यावं लागतं. फेजचंही तेच, आधी टेकतो, ते सुटू शकतं, मग रिसेप्टर, म्हणजे बॅक्टेरियाच्या अंगावरची त्याची ठरलेली पकडायची जागा, नीट सापडला की पक्का बसतो आणि मग सुटका नाही. चिकटणं असं दोन पायऱ्यांत होतं हे स्टेंट आणि वोलमन यांनी १९५२ मध्ये मांडलं. तर मॉडेलमध्ये एकाऐवजी तीन कप्पे कर, मोकळे, टेकलेले, बसलेले. मोकळ्यांतून टेकलेल्यांत जायचा एक वेग, परत यायचा एक, आणि टेकलेल्यांतून बसलेल्यांत जायचा तिसरा. एक्सेलमध्ये दर ओळीला दहा सेकंद पुढे जाणारं टेबल केलंस की झालं, यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

आता दोघांतला खरा कोण? याचं उत्तर मॉडेल देणार नाही, दोन्ही मॉडेल तुझ्या नऊ पॉइंटवर बऱ्यापैकी बसतील, पॅरामीटर वाढवले की काहीही बसतं. उत्तर लॅबमध्ये आहे. २० मिनिटांचं मिश्रण फिल्टर कर, म्हणजे ते उरलेले ४ टक्के हातात येतील (यासाठी क्लोरोफॉर्म नको, तो पुढच्या बॅक्टेरियाला मारेल), त्यांना ताजे १० कोटी बॅक्टेरिया दे. परत दोन मिनिटांत ६२ वर आले तर फेज बिचारे धडधाकट होते, टेकून सुटणारे होते. ढिम्म हलले नाहीत तर ते खरंच मंद आहेत, मग त्यांच्यातला एक प्लाक उचल, वाढव, आणि पिल्लांची तीच परीक्षा घे, पिल्लं चपळ निघाली तर दोष अंगाचा होता, मंद निघाली तर जीनचा. आणि सुटतात का हे थेट बघायचं असेल तर पाचव्या मिनिटाला मिश्रण १०० पट पातळ कर, लगेच एक सॅम्पल फिल्टर कर, दहा मिनिटांनी दुसरं. पातळ केल्यावर नवीन पकडले जाणं शंभरपट मंदावतं, त्यामुळे मोकळ्यांचा आकडा वाढला तर ते सुटलेलेच.

सरांना सांग की पॉइंट ठेवतेय आणि कारण शोधतेय, चिडले तर माझं नाव सांगू नकोस.

प्रश्न : गेल्या अंकात तुम्ही लिहिलं की फेज बॅक्टेरियाला नुसता योगायोगाने धडकतो. मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल प्लँटमध्ये तीस वर्षं काढली, आता वाशीत निवृत्त आहे. आमच्या रिॲक्टरमध्ये ढवळण्याचा वेग वाढवला की मास ट्रान्सफर वाढायचा. इथे शेकर जोरात फिरवला तर फेज लवकर चिकटेल का? आणि या वेगाला वरची काही मर्यादा आहे का?

उत्तर : साहेब, तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातून आपोआप येतं.

मर्यादा आहे, आणि ती कागदावर काढता येते. स्मोलुचोव्स्की या पोलिश शास्त्रज्ञाने १९१७ च्या सुमाराला ती वाट दाखवली: एक गोळा स्थिर, त्याच्याभोवती कण भरकटतायत, जो टेकेल तो गेला. तर गोळ्याचा पकडण्याचा वेग = ४ × पाय × डिफ्यूजनचा आकडा (कण किती भराभर भरकटतो तो) × गोळ्याची त्रिज्या. टी-४ सारख्या फेजचा डिफ्यूजनचा आकडा सेकंदाला साधारण ४ चौरस मायक्रॉन, बॅक्टेरियाची त्रिज्या अर्धा मायक्रॉन धरली तर सेकंदाला २५ घन मायक्रॉन, मिनिटाला १५००. ई. कोलाय गोल नाही, कॅप्सूलच्या गोळीसारखा लांबुळका, म्हणून त्रिज्या जरा जास्त धरा, ०.८ घेतली की मिनिटाला २४०० होतात. वरच्या कोपरखैरण्याच्या मुलीचा आकडा बघितलात? तोच. म्हणजे तिचा फेज जवळपास छताला टेकलाय, धडकला की बहुतेक वेळा पकडला जातोय.

तुम्ही म्हणाल, हे कसं शक्य आहे, बॅक्टेरियाच्या सगळ्या अंगावर काय रिसेप्टर नसतात. नसतातच. पण इथे एक गंमत आहे जी बर्ग आणि पर्सेल यांनी १९७७ मध्ये दाखवली. अर्धा मायक्रॉन त्रिज्येच्या गोळ्यावर ५ नॅनोमीटर त्रिज्येचे फक्त ३०० ठिपके असतील, म्हणजे पृष्ठभागाच्या एक टक्क्याहूनही कमी जागा, तरीसुद्धा पकड छताच्या निम्म्याच्या आसपास जाते. कारण भरकटणारा कण एकदा आपटून लगेच लांब जात नाही, तिथल्या तिथे घोटाळत पुन्हा पुन्हा आपटतो, दहाव्या नाहीतर शंभराव्या वेळी ठिपक्यावर पडतो. आंधळ्या कोशिंबिरीत भिंतीला चाचपत चाचपत पुढे जाणारा कसा दारापाशी येतोच, तसं.

आता ढवळणं. तुमच्या रिॲक्टरमध्ये ढवळून फायदा व्हायचा कारण तिथले थेंब-बुडबुडे मोठे होते. बॅक्टेरिया इतका बारीक आहे की पाणी कितीही घुसळलं तरी त्याच्या अंगाभोवतीचं पाणी त्याच्याबरोबरच फिरतं, आणि तो शेवटचा मायक्रॉन फेजला आपापलाच भरकटत पार करावा लागतो. शेकर जोरात केला तर थोडा फरक पडेल, पाचपट-दहापट नाही. बॅक्टेरिया तळाला बसू नयेत एवढं हलवलं की पुरे. वेग वाढवायचा तर दोनच खरे खटके, बॅक्टेरिया दाट करा, नाहीतर रसायन बघा. रसायन म्हणजे ब्रॉथमध्ये मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम आहे का, लॅम्डा फेज असेल तर बॅक्टेरिया माल्टोजवर वाढवलेत का, कारण लॅम्डा ज्या दाराने आत जातो ते मुळात माल्टोज आत घ्यायचं दार आहे आणि ग्लुकोज असेल तर बॅक्टेरिया ते दार फार बनवतच नाही. टी-४ च्या काही जातींना तर आधी ट्रिप्टोफॅन लागतं, नाहीतर शेपटीचे धागे उघडतच नाहीत! हे असलं तुमच्या प्लँटच्या कॅटॅलिस्टच्या नखऱ्यांसारखंच आहे, त्यामुळे तुम्हाला पटेल.

प्रश्न : मी कळव्याचा, बीएस्सीला आहे. एमओआय (टाकलेले फेज भागिले बॅक्टेरिया) १ म्हणजे प्रत्येक बॅक्टेरियाला एक फेज, बरोबर ना? आमच्या नोट्समध्ये तसंच लिहिलंय.

उत्तर : नाही रे बाबा. तुझ्या सोसायटीत १०० लेटरबॉक्स आहेत आणि क्लासची जाहिरात वाटणारा पोरगा १०० पत्रकं डोळे मिटून कुठल्याही बॉक्समध्ये टाकत सुटला, तर प्रत्येकाला एक मिळेल का? ३७ बॉक्स रिकामे राहतील, ३७ मध्ये एकेक, आणि उरलेल्या २६ मध्ये दोन किंवा जास्त. याला पॉइसन म्हणतात, रिकामे किती राहणार ते काढायचं असेल तर ई चा उणे एमओआय घात. सगळ्या बॅक्टेरियाला फेज लागायलाच हवा असेल तर एमओआय ५ घे, तेव्हासुद्धा हजारातले सहा-सात सुटतात.

आणि दुसरी गोष्ट, जी नोट्समध्ये कधीच नसते: तू जे टाकलेस ते आणि जे चिकटले ते एक नाही. पाच मिनिटांत निम्मेच चिकटले असतील तर तुझा खरा एमओआय निम्मा. बॅक्टेरिया पातळ असले तर हे फार महागात पडतं. वरचाच के २.४ अब्जांश घे. मिलीत १० कोटी बॅक्टेरिया असताना निम्मे फेज चिकटायला तीन मिनिटं लागतात, १० लाख असताना पावणेपाच तास, आणि १ लाख असताना दोन दिवस. तिन्हीकडे कागदावर एमओआय १ च लिहिलेलं असेल, पण शेवटच्या ट्यूबमध्ये तू जेवून, झोपून आलास तरी निम्मे फेज अजून मोकळे फिरत असतील.

प्रश्न : ताई, आम्ही ऐरोलीला राहतो. मुलगा आणि त्याचे बाबा रविवारी खाडीवर फ्लेमिंगो बघायला जातात, मुलगा चिखलात हात घालून येतो. तुमचा लेख वाचून भीती वाटली, खाडीत एवढे व्हायरस असतात तर ते त्याला चिकटणार नाहीत का?

उत्तर : फेज नाही चिकटणार. समुद्राच्या पाण्यात एका मिलीत साधारण १० लाख बॅक्टेरिया आणि १ कोटी व्हायरस असतात, आणि त्यातले बहुतेक फेजच, ते बॅक्टेरियाचे. प्रत्येक फेजला ठराविक रिसेप्टर लागतो, आपल्या कातडीच्या किंवा पोटाच्या पेशींवर तो नसतोच, कित्येकदा शेजारच्या जातीच्या बॅक्टेरियावरसुद्धा नसतो. म्हणूनच बहुतेक फेजचा सगळा जन्म नुसता भरकटण्यात जातो, आत्ताच कळव्याच्या मुलाला जो दोन दिवसांचा हिशेब दिला तो तर ज्याच्या आवडीचे १ लाख बॅक्टेरिया मिलीत आहेत अशा नशीबवान फेजचा आहे, १० हजार असले तर वीस दिवस. तोवर ऊन लागून नाहीतर चिखलाच्या कणाला चिकटून ते निकामीही होतात. आपल्या आतड्यात तर आत्ता या क्षणी कितीतरी फेज आहेत, तुमच्या, माझ्या, मुलाच्याही, आपल्याला पत्ता नसतो.

नदीच्या पाण्याशी यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे. १८९६ मध्ये हँकिन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने लिहून ठेवलं होतं की गंगा-यमुनेच्या पाण्यात असं काहीतरी आहे जे कॉलऱ्याच्या जंतूंना मारतं, आणि पाणी उकळलं की तो गुण जातो. ते फेजच असावेत असं पुढे पुष्कळांनी म्हटलं, पण त्याच्या हातात तेव्हा ते सिद्ध करायला काही नव्हतं, फेज हे नावसुद्धा दिलं गेलं १९१७ मध्ये, देरेल यांनी.

मुलाला जाऊ द्या. घरी आल्यावर हात साबणाने धुवायला लावा आणि बूट दाराबाहेर काढायला लावा, ते फेजसाठी नाही, खाडीत येणाऱ्या सांडपाण्यासाठी, त्यातले बाकीचे जंतू मात्र माणसांचेच असतात.